लाटेवरची फळी आणि तिचा पर

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र आगगाडीने सुमारे साडेसातशे किलोमीटर. अशा गावी लाटेवर स्वार होण्याच्या फळीविषयी, म्हणजे सर्फबोर्डविषयी बोलणे म्हणजे विहिरीकाठी गलबताच्या गप्पा, असे कोणी म्हणेल. पण या फळीचे मर्म खाऱ्या पाण्यात नसून वाहत्या पाण्यात आहे, आणि ते आम्हांस वर्धा नदीनेही दाखविले आहे. डोंगा नेणारा माणूस दिशा सांभाळावयास वल्हे घेऊन मागच्या टोकाशीच बसतो. तो पुढे का बसत नाही?

बाण पाहा. त्याची पिसे बुडाशी असतात. बाण जरा आडवा होताच वारा पिसांना बाजूने ढकलतो आणि टोक पुन्हा वाटेवर येते. तीच पिसे टोकाशी लावली, तर तोच वारा बाणास फिरवून टाकील. फळीच्या बुडाखाली लावलेला माशासारखा पर हेच काम पाण्यात करतो.

पूर्वी हवाई बेटांत फळीला पर नसे. वळण्यासाठी स्वारास पाय पाण्यात ओढावा लागे. लाटेच्या उभ्या उतारावर फळीचे शेपूट एकाएकी घसरे आणि माणूस कोसळे. १९३५ साली टॉम ब्लेक याने एका मोटारबोटीच्या तळाची धातूची पट्टी आपल्या फळीस बसविली, आणि फळी पाणी धरून चालू लागली.

पण पर बसवावा कोठे? तो जितका मागे, तितका तरफेचा दांडा लांब. फळी सरळ धावते, मात्र वळायला हट्टी होते. थोडा पुढे, स्वाराच्या मागच्या पायाखाली आणला, की ती चटकन वळते. पण वेगात शेपूट सुटण्याचे भय वाढते. म्हणून लांब फळ्यांना खाच ठेवतात आणि पर इंच-दोन इंच मागेपुढे सरकवितात. दोन्ही गुण एकाच जागी पुरते मिळत नाहीत.

मग दोन कडांना दोन पर आले. फळी कलली की त्या बाजूचा पर लाटेत खोल रुततो. ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्‌सने अशा फळीवर १९७९ ते १९८२ अशी चार वर्षे जगज्जेतेपद राखले. तरीही मोठ्या लाटेवर ती निसटे. त्याच देशातील सायमन अँडरसन याने १९८० साली दोघांच्या मागे, मध्यभागी, तिसरा पर लावला आणि १९८१ मध्ये बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत स्पर्धा जिंकली. आज बहुतेक आखूड फळ्या याच घडणीच्या असतात: पुढचे दोन पर शेपटापासून सुमारे अकरा इंचांवर, मागचा तीन-साडेतीन इंचांवर. पुढच्या परांची तोंडे किंचित आत वळविलेली आणि पाती बाहेर झुकलेली असतात. वळताना पाण्याचा रेटा कामी यावा म्हणून. हे अंश थोडे जास्त झाले, तर सरळ जाताना पाणी उगाच अडते.

आपल्याकडेही ही विद्या आता परकी नाही. २०२५ साली महाबलिपुरम येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाल याने कांस्यपदक मिळविले.

ज्यांस पडताळा हवा, त्यांनी हातभर फळीच्या एका टोकाखाली पत्र्याची पट्टी ठोकावी आणि संथ डोहात ती ढकलावी. पट्टी मागे असेल तर फळी नीट जाईल. मग तीच फळी उलट्या तोंडाने ढकलावी. पट्टी पुढे आल्यामुळे ती थोड्या अंतरावरच आडवी होईल.