इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आणि साखळीची मोकळी टोके

तारेतून वीज वाहताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. काही धातू अतिशय थंड केल्यास मात्र त्यांचा विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होतो. हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ऑनेस यांना १९११ साली पारा सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला असता हे आढळून आले. अशा पदार्थांस अतिसंवाहक म्हणतात.

या घटनेची उपपत्ती बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ साली मांडली. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. परंतु जोडी म्हणजे एकमेकांस चिकटलेले दोन दाणे नव्हेत. ॲल्युमिनियममध्ये जोडीतील दोघांत हजारो अणूंचे अंतर असू शकते व तेवढ्या जागेत इतर असंख्य जोड्या गुंफलेल्या असतात. म्हणून कोणत्या स्थानाचा संबंध कोणत्या स्थानाशी जुळतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

शेजारशेजारच्या स्थानांवरील इलेक्ट्रॉनांची जोडी जमली तर काय घडेल, याचे गणित अलेक्सेई किताएव्ह यांनी २००१ साली मांडले. ते समजण्यासाठी शाळेच्या पटांगणावरील मुलांची रांग डोळ्यांपुढे आणावी. प्रत्येक मूल म्हणजे एक स्थान. त्याचे दोन हात म्हणजे तेथील इलेक्ट्रॉन-अवस्थेचे दोन अर्धे भाग. प्रत्येकाने आपलेच दोन हात जोडले, तर एकही हात मोकळा राहत नाही. हा साधा प्रकार होय. याउलट प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात धरला, तर रांगेच्या दोन्ही टोकांना एकेक हात मोकळा उरतो. यास टोपॉलॉजिकल अतिसंवाहक म्हणतात. मधली मुले थोडीफार हलली तरी, हातांची पकड सुटत नाही तोवर, मोकळे हात मोकळेच राहतात.

या टोकांच्या अवस्थांस इटालियन शास्त्रज्ञ मायोराना यांचे नाव दिले आहे. दोन टोके मिळून इलेक्ट्रॉनाची एकच अवस्था बनते. तीत साठविलेली माहिती दोन दूरच्या ठिकाणी विभागलेली असल्याने एका टोकावरील क्षोभाने ती सहसा बिघडणार नाही. म्हणूनच क्वांटम संगणकासाठी या अवस्थांचा शोध चालू आहे.

इंडियम अँटिमोनाइडच्या सूक्ष्म तारांत अशा अवस्थांच्या खुणा २०१२ साली आढळल्या. तथापि पदार्थातील दोषांमुळेही तशाच खुणा उमटू शकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक महत्त्वाचा निबंध २०२१ साली मागे घ्यावा लागला. गणितातील मोकळा हात प्रयोगशाळेत निर्विवादपणे दाखविणे, हे काम अद्याप व्हावयाचे आहे.