एका अणूला सव्वाशे ठिणग्या

१९६७ साली सुझुकीने ५० सीसीच्या जागतिक शर्यतींत आरके६७ नावाची गाडी उतरवली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एकेकाचा व्यास ३२.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३० मिलिमीटर. एक सिलिंडर पुरता २५ सीसीचाही भरत नाही. पण इंजिन मिनिटाला १७,३०० फेरे घ्यायचं आणि साडेसतरा हॉर्सपॉवर काढायचं. आपल्याकडे जिच्या पिकअपचं नाव काढलं की पन्नाशीचे गृहस्थ अजून हळवे होतात, ती यामाहा आरएक्स १०० जवळपास दुप्पट सीसीची, आणि तिची ताकद ११ हॉर्सपॉवर!

टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी पडते. म्हणजे त्या सुझुकीच्या प्रत्येक स्पार्क प्लगला सेकंदाला २८८ वेळा पेटायचं होतं, आणि दोन ठिणग्यांमध्ये साडेतीन सहस्रांश सेकंदाची सवड. तेवढ्यात जळकट धूर बाहेर घालवायचा, ताजं मिश्रण आत घ्यायचं, दाबायचं, पुन्हा पेटवायचं. क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा लाखावा हिस्सा लागायचा, आणि टायमिंग अशा दोन-चार अंशांनी जरी पुढे सरकलं तरी पिस्टनचं काही खरं नसायचं. त्या पिस्टनची सरासरी धाव ताशी ६२ किलोमीटर, तीही ३० मिलिमीटरच्या गल्लीत, दोन्ही टोकांना शून्यावर येत. वरच्या टोकाला त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या पाच हजारपटींहून मोठा. पिस्टन ५० ग्रॅमचा धरला, तर कनेक्टिंग रॉडला तिथे पाव टनाहून जास्त ओढ सोसावी लागते. जोर मिळायचा तो फेऱ्यांच्या अगदी अरुंद पट्ट्यात, म्हणून गाडीला गिअर होते चौदा. हान्स-गेऑर्ग आनशाइटने त्या वर्षीचं विजेतेपद सुझुकीवरच मिळवलं. गिअर बदलणाऱ्या त्याच्या पायाची मला कीव येते.

आता जमिनीवर येऊ. कायनेटिकची लूना, १९७२ सालची, ५० सीसीची. ताशी ४० ने जाताना इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतंय असं धरा. एक किलोमीटरला दीड मिनिट, म्हणजे ७,५०० ठिणग्या. दहा हजार किलोमीटरला साडेसात कोटी. एवढ्या वापरात प्लगची गॅप समजा ०.१५ मिलिमीटरने वाढली. निकेलचा अणू साधारण पाव नॅनोमीटरचा, त्यामुळे ०.१५ मिलिमीटरमध्ये अणूंचे सहा लाख थर बसतात. हिशेब सरळ आहे: सव्वाशे ठिणग्या मिळून धातूचा एकच अणूभर थर खातात. ‘प्लग खराब झाला’ म्हणून आपण तो फेकतो, तेव्हा त्याने केवढं सोसलेलं असतं!

आणि ही ठिणगी काही लेचीपेची नव्हे. गॅप अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची, पण दाबलेली हवा वीज सहजासहजी जाऊ देत नाही. घरात २३० व्होल्ट येतात. इथे दहा-पंधरा हजार लागतात. ठिणगी पडते त्या क्षणी तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागालाही मागे टाकतं. मिश्रण अगदी मनासारखं असेल तर ते पेटवायला लागणारी ऊर्जा मात्र हास्यास्पद कमी, पाव मिलिज्यूल. तांदळाचा दाणा कमरेएवढ्या उंचीवरून पडला तर जमिनीवर आपटताना त्याच्यापाशी असते तेवढी. सिलिंडरमधलं मिश्रण कधीच मनासारखं नसतं, म्हणून इग्निशन कितीतरी पट जास्त देतं.

प्लगची निवड ठिणगीवर नाही, उष्णतेवर ठरते, आणि ४९ सीसीची चिमुकली पॉकेट बाइक हाताळणारी पोरं नेमकी इथेच फसतात. प्लगचं पोर्सिलेनचं नाक साडेचारशे ते साडेआठशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. साडेचारशेच्या खाली तेलाचा कार्बन जळत नाही, प्लग काळा पडतो, गाडी मिसिंग मारते. कधी गॅपमध्ये कार्बनचा एक कण अडकतो आणि इंजिन मुकाट बंद पडतं. साडेआठशेच्या वर गेलं की ते नाकच निखारा होतं, ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं आणि पिस्टनला भोक पडतं. नाक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत जायला वेळ लागतो, प्लग गरम राहतो. आखूड असेल तर थंड. प्लगवरचा उष्णतेचा नंबर एकाने बदलला की नाकाच्या तापमानात सत्तर ते शंभर अंशांचा फरक. थंड प्लगने ताकद वाढत नाही. जुन्या शर्यतींत इंजिन गरम प्लगवर तापवायचे आणि सुटायच्या आधी थंड प्लग घालायचे. गल्लीत फिरणाऱ्या ४९ सीसीला ‘रेसिंग प्लग’ घालणं म्हणजे तो काळा करायला पैसे देणं.

पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटची गंमत तर आणखी बारीक आहे. डेलॉर्टो कार्ब्युरेटरवर ८० नंबरच्या मेन जेटचं भोक ०.८० मिलिमीटर, ८५ चं ०.८५. फरक केसाच्या जाडीहून कमी, पण क्षेत्रफळ सुमारे १३ टक्क्यांनी वाढतं, पेट्रोलही जवळपास तेवढंच. ५० सीसीच्या एका स्फोटात पेट्रोल फार तर साडेचार मिलिग्रॅम असतं. त्यातलं अर्धा मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं की काम बिघडतं.

तपासायचं कसं? फुल थ्रॉटलवर पळवायचं, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबायचा, गाडी थांबली की प्लग काढायचा. पोर्सिलेन मुळाशी बघायचं, टोकाशी नाही. चहाच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरं फटक, वर बारीक दाणे दिसले तर जेट मोठा घ्या. ओलं काळं असेल तर लहान. अंगठ्याच्या नखाहून छोटी ती कड, आणि तिच्यावर आधीच्या हजारो स्फोटांचा लेखाजोखा.

लूनावाले एवढ्या भानगडीत पडत नसत. पॉलिश पेपरने प्लग घासायचा, कॅप लावायची, प्लग हेडवर टेकवून, गाडी स्टँडवर लावून पेडल मारायचं. ठिणगी निळसर असेल तर निघायचं, पिवळी असेल तर दुसरा प्लग.

दुकानात मात्र सांभाळा. नव्या प्लगचा आटा जुन्याएवढाच लांब हवा. १२.७ मिलिमीटरच्या जागी १९ चा बसवला तर तो पिस्टनवर आदळू शकतो. आणि नंबर बोलण्याआधी कंपनीचं नाव घ्या. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या मायकोमध्येही, आकडा वाढला की गरम. एनजीकेचा सातचा प्लग काढून बॉशचा आठचा घालणारा मेकॅनिक थंड करायला निघतो आणि इंजिन तापवून परत देतो.