सिडनीहून: घोरणाऱ्यांची दखल

इथल्या कुठल्याही मोठ्या औषधाच्या दुकानात शाम्पू आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या ओलांडून गेलं की एक काचेचं कपाट लागतं. त्यात छोटी यंत्रं, लवचीक नळ्या आणि नाकावर बसवायचे सिलिकॉनचे मास्क मांडलेले असतात. हे सीपॅप. स्लीप अ‍ॅप्निया या आजारात झोपेत ज्यांचा घसा मिटतो आणि श्वास अडतो, त्यांना ते मास्कमधून रात्रभर हवेचा दाब देतं आणि घसा उघडा ठेवतं. परवा एक गृहस्थ मास्क नाकाच्या हाडावर रुततोय अशी तक्रार घेऊन आले होते. काउंटरवरच्या मुलीने वेगवेगळी मापं लावून पाहिली, मागचे पट्टे सैल केले, ‘आता कूस बदलून बघा’ म्हणाली. त्यांनी तिथल्या तिथे मान वळवून पाहिली. मागे रांग होती, पण कुणाला त्यात नवल वाटलं नाही. चष्मा सैल करून घ्यावा, इतकं ते साधं होतं.

हा इलाज याच शहरात जन्मला. जून 1980मध्ये रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी तो पहिल्यांदा एका रुग्णावर करून पाहिला. तोवर आजार गंभीर असेल तर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं. या रुग्णाने त्याला नकार दिला होता. मग नाकावर मास्क चिकटवून पंख्याने हवा आत ढकलली आणि तो शांत झोपला. 1981मध्ये ‘लॅन्सेट’ने पाच रुग्णांचा हा अनुभव छापला. दिवसा किती पेंग येते ते मोजणारी आठ प्रश्नांची एपवर्थ प्रश्नावलीसुद्धा ऑस्ट्रेलियाचीच, मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांची. वाचताना डोळा लागतो का, सिग्नलला गाडी थांबली की डुलकी येते का, असे साधे प्रश्न आहेत.

एवढं वाचून कुणी म्हणेल, तुमच्याकडे काय, सगळं सरकार देतं. तसं नाही, आणि याचाच मला राग येतो. फॅमिली डॉक्टरने निकषांत बसवून चिठ्ठी दिली तर झोपेच्या चाचणीला मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेचा हातभार मिळतो. यंत्र मात्र स्वतःच्या खिशातून घ्यायचं, हजार डॉलरच्या पुढे. खासगी विमा असेल तर थोडे परत मिळतात. काही राज्यांत गरजूंसाठी सरकारी योजना आहेत, पण बाकीच्यांनी दुकानातून महिनाभर भाड्याने आणायचं आणि पटलं तर विकत घ्यायचं. चाचणी करणारा आणि यंत्र विकणारा अनेकदा एकच असतो. अशा ठिकाणी दंतवैद्याकडे मिळणाऱ्या, खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या पट्टीचं नाव कोण काढणार? सौम्य आणि मध्यम आजारात ती पुष्कळांना पुरते.

पण एका गोष्टीत या देशाला मानलंच पाहिजे. आमच्या शेजारचे काका आयुष्यभर ट्रक चालवत आले. स्लीप अ‍ॅप्निया निघाल्यावर त्यांचा परवाना गेला नाही, सशर्त झाला. दरवर्षी तज्ज्ञाकडे जायचं आणि यंत्रातली नोंद दाखवायची. शंभरातल्या निदान सत्तर रात्री, रात्रीचे चार तास तरी मास्क लावलेला हवा. ते ट्रकच्या केबिनमध्ये यंत्र घेऊन झोपतात आणि सांगतातही अभिमानाने.

आपल्याकडे पुण्याहून नागपूरला रात्रभर ट्रॅव्हल्स धावतात. ड्रायव्हर ढाब्यावर तोंडावर पाणी मारतो, तंबाखू मळतो आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. त्याचे डोळे कधीतरी तपासलेले असतात. तू घोरतोस का, सकाळी डोकं जड असतं का, हे त्याला कोण विचारतं? मागे चाळीस माणसं झोपलेली असतात हो!

आणि घरात? कराडला माझे मामा घोरतात, मध्येच गप्प होतात, मग धाप लागल्यासारखे दचकून श्वास घेतात. ते गप्प झाले की मामी अंधारात त्यांच्या छातीवर हात ठेवते आणि छाती हलेपर्यंत काढत नाही. वर्षानुवर्षं तिची झोप अशीच गेली आहे. मी म्हटलं, ‘मामा, तपासून घ्या.’ ते म्हणाले, ‘अगं, दिवसभर राबतो, म्हणून गाढ झोप लागते. आणि मी काय जाडा आहे?’ जाडेपणा हे मोठं कारण आहे खरं, वजन उतरलं की आजारही पुष्कळ उतरतो. पण लहान जबड्याच्या सडपातळ माणसालाही तो होतो, आणि आपल्याकडे तसे चेहरे कमी नाहीत. उपचार न घेता राहिलं तर रक्तदाब चढतो, हृदयाला त्रास होतो. 2022मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. चार दिवस बातम्या आल्या, मग पुन्हा घोरण्यावरचे विनोद सुरू.

मामांना खरी धास्ती मास्कची आहे. ‘आयसीयूतल्यासारखं दिसेल, सून काय म्हणेल?’ सून स्वतःच म्हणाली, ‘लावा, म्हणजे आम्हीही झोपू.’ मामांचा त्रास कुशीवर झोपल्याने कमी होतो का, दातांची पट्टी पुरेल की यंत्रच लागेल, हे चाचणीनंतर कळेल. ती आता घरीही होते: बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा, एक रात्र. मामा म्हणतात, दिवाळीनंतर बघू. मामीला मी सांगितलं, दिवाळी सोड, आज रात्रीच त्यांचं घोरणं फोनवर रेकॉर्ड कर आणि सोमवारी डॉक्टरांना ऐकव.