मुंबई बेटावर दोघांची सुट्टी

 

गटाच्या बैठकीत हिशेब संपला आणि चहा यायचा असला, की मी कधी कधी एक प्रश्न विचारते: शेवटचं मुंबईला कधी गेलात आणि कशाला? उत्तरं ठरलेली असतात. सासऱ्यांना जे.जे.ला दाखवायला. केईएमला रिपोर्ट आणायला. लग्नाच्या बस्त्याला. दादरला फुलं घ्यायला. एका ताईचं उत्तर मात्र मी विसरले नाही. त्या घरी जीन्सचे धागे कापायचं काम करतात, त्यांचे मिस्टर अंबरनाथला एका कारखान्यात आहेत. त्या म्हणाल्या, "लग्नाला बावीस वर्षं झाली. आम्ही दोघं मिळून मुंबईला चारदा गेलो, आणि चारही वेळा दवाखान्यात."

म्हणून आज दोघांनी मिळून, काही काम न काढता, सावकाश फिरायला जाण्याबद्दल बोलू या. तेही बेटावर. बेट म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचं अंदमान आठवतं, विमानाचं तिकीट आठवतं आणि आपण विषय सोडून देतो. पण बदलापूरहून ६८ किलोमीटरवर एक बेट आहे. आपल्यातले हजारो लोक रोज तिथं कामाला जातात आणि ते बेट आहे हे विसरून जातात.

हे नीट समजून घ्यायला आपल्याच उल्हास नदीपासून सुरुवात करू. ती राजमाचीकडच्या डोंगरात उगवते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणकडे जाते. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी वालधुनीही तिलाच मिळते. (वालधुनीची आज काय अवस्था आहे, ते तुम्हाला सांगायला नको. तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे.) पुढं ही उल्हास ठाण्याच्या उत्तरेनं वळते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिचा एक अरुंद फाटा ठाण्यापाशी दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीला जोडलेला आहे. म्हणजे उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला समुद्र. मध्ये जो तुकडा उरतो तो साष्टी. ठाणं, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली हे सगळं साष्टी बेटावर आहे. आपल्या गावावरून वाहणारं पाणीच त्याला बेट करतं.

कळवा सोडल्यावर गाडी पुलावर येते आणि चाकांचा आवाज बदलतो, तेव्हा खिडकीतून बघा. दोन्ही बाजूंना तिवरं दिसतील. तिथं आपण जमीन सोडून बेटावर चढतो. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावली, ती ठाण्यालाच थांबली होती, कारण पुढं खाडी होती. खाडीवर पूल झाला आणि १८५४ साली गाडी कल्याणला आली. पुढं कुर्ला आणि शीव यांच्यामध्ये मिठी नदी लागते. ती ओलांडली की दुसरं बेट, म्हणजे जुनी मुंबई.

ही जुनी मुंबईसुद्धा एक बेट नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटं होती. भरतीला मधल्या खाजणांत पाणी शिरायचं. कोळी लोक इथले मूळचे. मग पोर्तुगीज आले. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, तेव्हा मुंबई हुंड्यात देऊन टाकली. इथं राहणाऱ्या कोळणींना कुणी विचारलं नसणार. राजानं १६६८ साली हे हुंड्याचं बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. पुढं अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बांध घालून, भराव टाकून सातांचं एक झालं.

एक नाव मात्र लक्षात ठेवा, अवाबाई जमशेटजी जीजीभॉय. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी होती आणि लोक होडीनं जायचे. सरकार रस्त्याला पैसे देईना. या बाईंनी आपले दीड लाखाच्या वर रुपये दिले आणि अट घातली, की या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ साली तो रस्ता सुरू झाला. आजचा माहीम कॉजवे तोच. एका बाईच्या पैशानं साष्टी आणि मुंबई जोडली गेली, हे शाळेत आपल्याला कुणी शिकवलं नाही.

आता प्रत्यक्ष जायचं कसं ते सांगते. मुंबईत बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि तिथंच घोटाळा होतो. आपली माणसं एका दिवसात सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीची बाग, गेटवे आणि जमलं तर जुहू असं सगळं उरकतात आणि घरी येऊन दोन दिवस पाय चोळत बसतात. हे मला मान्य नाही. उरकायला आपल्याला घरची कामं आहेतच की! दिवसभरात दोनच ठिकाणं धरा. माझं मत विचाराल तर सकाळी घारापुरी आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.

वार मंगळवार किंवा गुरुवार बरा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि शनिवार-रविवारी गर्दी फार. कामाच्या दिवशी लोकलची गर्दी चुकवायची तर पहाटे सहाच्या आतली गाडी घ्या. बदलापूर किंवा अंबरनाथहून सुटणारी गाडी पकडलीत तर बसायला जागा मिळेल. उल्हासनगरच्या तायांनी अंबरनाथपर्यंत उलटं जाऊन बसून यावं, फक्त तिकीट तसं काढा. आणखी एक. आपल्याला सवय असते, ती लेडीज डब्यात आणि तो जनरलमध्ये. जोडीनं निघायचं आणि दोन तास वेगळं बसायचं? पहाटेच्या गाडीत जनरलमध्ये दोघांना एकत्र बसता येतं. बसा.

सीएसएमटीला उतरून चहा-नाश्ता करा आणि बेस्टच्या बसनं किंवा चालत गेटवेला जा. घारापुरीच्या बोटी सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात. तासाभराचा प्रवास आहे. चढण्याआधी शौचालयात जाऊन या. लघवीला जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणं ही आपली वाईट सवय आहे, इथल्या दमट हवेत ती अंगाशी येते. आणि बोटीत बसल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्या, घाला, पट्टे बांधा. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, बोट बुडाली आणि लहान मुलांसह बरीच माणसं गेली. कुणी हसलं तर हसू दे. जॅकेट कमी असतील किंवा बोट जास्त भरली असेल तर पुढच्या बोटीनं जा, आपल्याला घाई नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात, त्यामुळे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले.

घारापुरी हे खऱ्या अर्थानं बेट आहे, चहूकडून पाणी असलेलं. रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत असताना या गावांत समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तिथल्या बायका धक्क्यापासून लेण्यांपर्यंत काकडी, कैरी, मणी-माळा विकतात. त्यांचं घर आपल्यासारख्या येणाऱ्यांवर चालतं. भाव करा, पण आपल्या पापडाचा भाव कुणी पाडला की आपल्याला कसं वाटतं, ते आठवून करा. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढं शंभर-सव्वाशे पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर दहा पायऱ्या चढा, बसा, समुद्र बघा, मग पुढं. माकडं फार आहेत आणि ती हातातली पिशवी ओढतात, तेव्हा भाकरीचा डबा वर उघडू नका. चेन असलेल्या पिशवीत ठेवा आणि खाली उतरून जेवा.

लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची आहेत. १९८७ साली युनेस्कोनं ती जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. आपण अंबरनाथचं शिवमंदिर लहानपणापासून बघतो. शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख आहे तिथं, शिलाहार राजांच्या काळातला. ते मंदिर दगडावर दगड रचून बांधलं. घारापुरीत उलटं केलंय. अख्खा डोंगर होता, नको तो दगड काढत गेले आणि खांब, छत, मूर्ती आतच उरल्या. एक घाव चुकला तर दुसरा दगड आणून बसवायची सोय नाही.

आत गेल्यावर सगळे धावतात ते तीन मुखांच्या मोठ्या मूर्तीकडे. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात, पण ती शिवाचीच तीन रूपं आहेत, सदाशिव. उंची वीस फुटांच्या आसपास. मधला चेहरा शांत, एक उग्र, एक कोमल. तिथं फोटो काढा आणि मग बाकीच्या भिंतींकडे वळा, कारण जोडीनं बघण्यासारखं तिथंच आहे. एका भिंतीवर शिव-पार्वतीचं लग्न आहे. दुसरीकडे दोघं कैलासावर सोंगट्या खेळतायत. मूर्ती बऱ्याच फुटल्यात, तरी पार्वतीनं मान वळवलेली आहे ते कळतं. ती रुसलीय असं जाणकार सांगतात. आणि सदाशिवाच्या शेजारी अर्धनारीश्वर, एकाच अंगात अर्धा तो, अर्धी ती. लग्न, भांडण आणि एक होणं, सगळं एकाच डोंगरात. प्रत्येकापुढं पाच मिनिटं उभं राहा. ओळखता येतं का ते एकमेकांना विचारा.

या बेटाला इंग्रजीत एलिफंटा म्हणतात ते एका दगडी हत्तीमुळे. तो आता बेटावर नाही, भायखळ्याला राणीच्या बागेजवळ डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तो दुसऱ्या खेपेला बघा, बुधवार सोडून.

दुपारच्या बोटीनं परत या. घारापुरीत पर्यटकांना रात्री राहता येत नाही, शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. गेटवेहून मरीन ड्राइव्हला चालत अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. हा रस्ताही समुद्र हटवूनच केलेला. कठड्यावर बसा. साडेपाच ते साडेआठ लोकलला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तसंही तिथंच बसलेलं बरं. नातेवाइकांकडे मुक्कामाला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. तिथं गेलात की तुम्ही स्वयंपाकघरात आणि ते बाहेर टीव्हीपुढं, म्हणजे पुन्हा घरच. रात्री उशिरापर्यंत बदलापूर-कर्जतच्या गाड्या असतात. अडचण पुढची आहे. स्टेशनवरून गावाकडे शेवटची रिक्षा किती वाजता, ते आधी ठरवून ठेवा आणि एखाद्या रिक्षावाल्याशी बोलून ठेवा.

पैशाबद्दल एवढंच. यासाठी गटातून कर्ज काढू नका. ते शेळीला, शिलाई मशीनला, मुलीच्या फीला. लोकल, बोट आणि लेण्यांचं तिकीट मिळून फार मोठा खर्च नाही. आठवड्याला वीस-तीस रुपये वेगळ्या डब्यात टाकले तर वर्षभरात जमतात. दर बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात गटातल्या मुलीकडून फोनवर बघून घ्या.

धागे कापणाऱ्या त्या ताई गेल्या थंडीत जाऊन आल्या. घरात आधी बरंच बोलणं झालं. या वयात हे काय, पोरांना का नाही नेलं, एवढ्या पैशात मिक्सर आला असता. सासूबाई तर दोन दिवस बोलल्या नाहीत. मी ताईंना विचारलं, काय काय बघितलं? त्यांना लेण्यांचं फारसं सांगता आलं नाही. म्हणाल्या, "मरीन ड्राइव्हला बसलो होतो, तेव्हा ह्यांनी सांगितलं की कारखान्यात दोन वर्षांपासून डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. घरी कधी बोलले नव्हते. आता पुढच्या महिन्यात तपासायला जायचंय."