कोई मासा : श्वसनक्रिया आणि गळाची मासेमारी

बंगालमधील बिल, भातखाचरे व दलदलीत आढळणारा ‘कोई’ (अ‍ॅनाबस टेस्टुडिनिअस) हा बहुधा वीतभराहून लहान मासा होय. कल्ल्यांवरील चक्रव्यूहाकार इंद्रियाद्वारे तो हवेतील प्राणवायू घेतो. त्यामुळे कुजक्या पाण्यातही तो तगतो. पृष्ठभागावर येऊ न दिल्यास मात्र पाण्यातच गुदमरतो. गळ टाकणाऱ्यास नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडते. पाणवनस्पतींमधील ज्या मोकळ्या जागी तो श्वासासाठी वर येतो, तेथेच लहान गळाला गांडूळ, नाकतोडा किंवा लाल मुंग्यांची अंडी लावून सोडावीत. मासा सोडविताना कल्ल्यांच्या झाकणावरील काट्यांपासून हात जपावा. पावसाळ्यारंभी हेच काटे जमिनीत रोवीत तो नव्या पाण्याकडे सरकतो. तेव्हा तो सहज हाती लागतो; परंतु तो प्रजननकाळ असल्याने अंड्यांनी भरलेल्या माद्याही त्यात सापडतात, म्हणून त्या दिवसांत गळ आवरता घेणेच इष्ट.