बंद पडलेला प्रिंटर आणि सरकारी कार्यालयाची सायबर सुरक्षा



आजचा विषय कानाला रुक्ष वाटेल: सरकारी कर्मचाऱ्यांचं सायबर सुरक्षा प्रशिक्षण. पण जरा विचार करा. आपला सातबारा, जन्माचा दाखला, निवृत्तिवेतनाचा हिशोब, रेशनकार्ड, सरकारी दवाखान्यातला केसपेपर, हे सगळं आता कुठल्या ना कुठल्या शासकीय संगणकावर आहे. त्या संगणकासमोर रोज बसतो लिपिक, तलाठी किंवा कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. आपल्या माहितीच्या किल्ल्या त्यांच्या हातात आहेत. म्हणून त्यांना काय शिकवलं जातं, हा जितका त्यांचा, तितकाच आपलाही प्रश्न आहे.

सुरुवात शेजारच्या देशातल्या एका घटनेपासून करू. बांगलादेश बँक म्हणजे त्या देशाची मध्यवर्ती बँक, आपल्याकडच्या रिझर्व्ह बँकेसारखी. २०१५ च्या सुरुवातीला तिथल्या काही कर्मचाऱ्यांना एक ईमेल आला. नोकरी शोधणाऱ्या एका तरुणाचा, अगदी नम्र भाषेतला: माझा बायोडेटा या दुव्यावर आहे, कृपया पाहावा. अमेरिकेच्या तपासयंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयात मांडलेल्या तक्रारीनुसार, बँकेतल्या किमान तीन संगणकांवरून ती फाईल उतरवण्याचा प्रयत्न झाला. अर्जदार खोटा होता. फाईलमधून चोर आत शिरले आणि जवळपास वर्षभर गुपचूप बँकेचं काम कसं चालतं ते पाहत राहिले.

मग ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला एकूण ३५ आदेश गेले, सुमारे ९५ कोटी डॉलर इतरत्र वळवण्याचे. बँकेत असे आदेश आणि त्यांच्या पोचपावत्या एका प्रिंटरवर आपोआप छापल्या जायच्या. शुक्रवारी सकाळी कर्मचाऱ्यांनी पाहिलं तर प्रिंटर बंद. त्यांना वाटलं, नेहमीचाच बिघाड असेल. शुक्रवार म्हणजे तिथला सुट्टीचा दिवस. प्रिंटर सुरू झाला तो शनिवारी, आणि तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या विचारणा बाहेर पडल्या. हे व्यवहार खरंच तुमचेच आहेत का, असं तिकडून विचारलं होतं. पण शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी आणि सोमवारी चिनी नववर्षामुळे फिलिपिन्समध्ये सुट्टी. पैसे जिथे पोचले होते त्या मनिलाच्या शाखेतून मंगळवारी मोठी रक्कम काढून गेली.

३५ पैकी ५ आदेश पार पडले. त्यातले २ कोटी डॉलर श्रीलंकेकडे निघाले होते. ते परत मिळाले, कारण आदेशात 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि वाटेतल्या एका बँकेला शंका आली. उरलेले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. पुढे देशाच्या अर्थमंत्र्यांना ही चोरी कळली ती वर्तमानपत्रांतून, आणि मार्चमध्ये बँकेच्या गव्हर्नरांना राजीनामा द्यावा लागला.

आता प्रश्न असा: यात चूक कुठे झाली? बहुतेक प्रशिक्षणांत उत्तर मिळतं, 'कर्मचाऱ्याने क्लिक केलं तिथे.' आम्हाला हे उत्तर अपुरं वाटतं. क्लिक आणि चोरी यांच्यामध्ये एक वर्ष होतं. प्रिंटर बंद पडला आणि मनिलात पैसे काढले गेले, यांच्यामध्येही चार दिवस होते. चोरांनीच तो प्रिंटर बंद पाडला होता. म्हणजे धोक्याची घंटा समोर होती, पण 'आज काहीतरी विचित्र घडतंय' असं लगेच कुणाला तरी कळवायची रीत नव्हती.

हेच आपल्या कार्यालयात आणून बघूया.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, जून २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या. कंत्राटी आणि बाहेरून घेतलेले कर्मचारीही त्यात येतात. शासकीय कागद खासगी क्लाउडवर ठेवू नका, बाहेरच्या मोबाईल ॲपने कार्यालयीन कागद स्कॅन करू नका, पासवर्ड ४५ दिवसांनी बदला, अशी ती यादी आहे. यादी चांगली आहे. प्रशिक्षणाच्या दिवशी ती पडद्यावर दाखवतात, चहा होतो, हजेरीपत्रकावर सह्या होतात. अडचण सुरू होते दुसऱ्या दिवशी, टेबलावर.

एक साधं उदाहरण घ्या. 'अनोळखी व्यक्तीचा ईमेल उघडू नका' हे आपण शिकवतो. आता आवक विभागातल्या लिपिकाने काय करायचं? अनोळखी लोकांचं टपाल उघडणं हेच तर त्याचं काम! नागरिकांचे अर्ज, माहिती अधिकाराचे अर्ज, ठेकेदारांची बिलं, सगळं अनोळखीच. बांगलादेशातला तो ईमेलही नोकरीचा अर्जच होता. ज्या सूचनेचं पालन केलं तर कामच थांबेल, ती सूचना माणूस चार दिवसांत विसरतो, आणि तिच्यासोबत बाकीच्या नऊ सूचनाही विसरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वरच्याचा शब्द. सरकारी कार्यालयात साहेबांचा आदेश आला की तो आधी पाळायचा, प्रश्न नंतर. फसवणारे हे ओळखून आहेत. प्रोफाईलला साहेबांचा फोटो लावलेल्या एखाद्या नव्या नंबरवरून व्हॉट्सॲप येतं: 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, हे काम तातडीने कर.' तत्परता आणि आज्ञाधारकपणा हे आपण गुण मानतो, आणि नेमके तेच वापरले जातात. महागाई भत्त्याच्या फरकाची यादी किंवा वाहनाचं चलन म्हणून आलेली एपीके फाईलही याच जातीची. एपीके म्हणजे कागद नव्हे, ते मोबाईलवर बसणारं ॲप असतं, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

सुरक्षेचं नावसुद्धा सुटत नाही बरं का. शासकीय ईमेलसाठी 'कवच' नावाचं दुहेरी पडताळणीचं ॲप होतं. हेरगिरी करणाऱ्या एका टोळीने त्याच नावाच्या बनावट संकेतस्थळांवरून सरकारी कर्मचाऱ्यांना घातक ॲप उतरवायला लावल्याचं सुरक्षा संशोधकांनी २०२२ मध्ये उघड केलं. सूचना पाळायला गेलेला प्रामाणिक कर्मचारीच जाळ्यात सापडावा, अशी ती योजना होती.

मग प्रशिक्षणात शिकवायचं काय? आमच्या मते तीन गोष्टी, आणि त्या हातून करून घेतल्याशिवाय खोली सोडायची नाही.

पहिली: आदेश ज्या वाटेने आला, ती वाट सोडून दुसऱ्या वाटेने खात्री करायची. पैसे, पासवर्ड, ओटीपी किंवा कर्मचाऱ्यांची यादी मागणारा संदेश आला, तर त्याच संदेशाला उत्तर द्यायचं नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, किंवा उठून केबिनमध्ये जायचं. पण हे तेव्हाच होईल जेव्हा साहेब सर्वांसमोर सांगतील, 'माझ्या नावाने काहीही आलं तरी मला विचारा, मी रागावणार नाही.' हे वाक्य प्रशिक्षकाच्या तोंडून येऊन उपयोग नाही, ते साहेबांच्याच तोंडून यायला हवं.

दुसरी: डिजिटल सही ही सहीच आहे. डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि त्याचा पिन खालच्या चिठ्ठीवर, हे चित्र अनेकांनी पाहिलं असेल. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून पैसे देताना दोन डिजिटल सह्या लागतात, एक सरपंचांची आणि एक ग्रामसेवकांची. एकाने चूक केली तर दुसऱ्याने पकडावी, हा त्यामागचा हेतू. दोन्ही डोंगल एकाच माणसाकडे ठेवली की दोन कुलपांचं एकच कुलूप झालं. कोऱ्या चेकवर सही करून ठेवायला आपण घाबरतो ना? हे तेच आहे.

तिसरी, आणि सगळ्यांत महत्त्वाची: चुकलं किंवा शंका आली, तर ताबडतोब सांगायचं. नेटवर्कची वायर काढायची, वायफाय बंद करायचं. संगणक बंद करायचा नाही, फाईली पुसायच्या नाहीत, कारण तपासाला लागणाऱ्या खुणा त्यात असतात. पडद्याचा फोटो काढायचा आणि कार्यालयातल्या तांत्रिक माणसाला फोन करायचा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

इथे कायद्याचं घड्याळही आहे. सर्ट-इन ही देशातल्या सायबर घटनांना तोंड देणारी केंद्रीय यंत्रणा. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यात शासकीय संस्थाही येतात. आता विचार करा, सोमवारी क्लिक केलेला लिपिक 'कारणे दाखवा' नोटिशीच्या भीतीने गुरुवारपर्यंत गप्प बसला, तर ६ तास मोजायला सुरुवात तरी कधी होणार? नियम कागदावर पाळला जाईल, पण तोपर्यंत माहिती निघून गेलेली असेल.

म्हणून आम्ही अधिकाऱ्यांसमोर एक मुद्दा आग्रहाने मांडतो. स्वतःहून आणि लगेच कळवणाऱ्यावर कारवाई नाही, असं लेखी परिपत्रक काढा. लपवणाऱ्यावर आणि मुद्दाम करणाऱ्यावर जरूर करा. काही जण म्हणतील, अशाने बेफिकिरी वाढेल. पण आज शिक्षेच्या धाकाने क्लिक थांबलेत का? थांबतं ते फक्त सांगणं.

सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकणंही योग्य नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची यंत्रणा बंद पडली. ओपीडीची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सगळं कित्येक दिवस हाताने लिहावं लागलं. सरकारने संसदेत सांगितलं की ५ सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नसणं हे त्यामागचं कारण होतं. कप्पे म्हणजे काय, तर वाड्याच्या एका खोलीत आग लागली तर ती दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मध्ये घातलेली भिंत. ती भिंत बांधणं लिपिकाचं काम नाही. ते यंत्रणेचं काम, आणि त्यासाठी निधी ठेवणं शासनाचं. एका क्लिकने अख्खं कार्यालय कोसळत असेल, तर दोष एकट्या बोटाचा कसा?

प्रशिक्षण यशस्वी झालं की नाही, हे मोजायचं कसं? हजेरीपत्रकावरून नाही. तीन महिन्यांनी न सांगता एक बनावट, निरुपद्रवी ईमेल सगळ्यांना पाठवा. किती जणांनी क्लिक केलं ते मोजाच, पण त्याहून महत्त्वाचे दोन आकडे आहेत: किती जणांनी कळवलं, आणि पहिला फोन किती मिनिटांत आला. पन्नास जणांच्या कार्यालयात पाच जण फसले, पण सहाव्याने दहा मिनिटांत कळवलं, तर बाकीच्यांना वेळेत सावध करता येतं. कुणीच कळवलं नाही, तर ते कार्यालय त्या बंद प्रिंटरशेजारीच बसलेलं आहे.

आज हे व्याख्यान ऐकणाऱ्यांत जे शासकीय सेवेत आहेत, त्यांनी उद्या कार्यालयात गेल्यावर एवढंच बघा: काही विचित्र दिसलं तर फोन कुणाला करायचा, तो नंबर भिंतीवर लावलेला आहे का? नसेल तर विचारून घ्या आणि लावा. आणि जे सेवेत नाहीत, त्यांनी पुढच्या वेळी दाखला घ्यायला गेल्यावर 'ओटीपी मला सांगा' ऐवजी 'ओटीपी तुम्हीच टाका' असं म्हणणारा कर्मचारी भेटला, तर वैतागू नका. तो आपलंच काम नीट करतोय.