वहीतली कादंबरी

श्रोतेहो, आणि विशेषतः खेड्यापाड्यांतून शाळा चालवणाऱ्या गुरुजी-बाईंनो,

आज मी ज्या माणसाविषयी बोलणार आहे, तो तुमच्या गावात एक तरी असतोच. कदाचित तो तुमच्या घरातच असेल. या माणसाला कादंबरी लिहायची असते. त्याच्या फळीवर पुस्तके असतात, पण त्यांतली निम्मी उघडलेली नसतात. त्याच्या टेबलाच्या खणात एक वही असते आणि तिच्यात कथानके टिपून ठेवलेली असतात. एकाखाली एक, दहा-वीस-पन्नास. कादंबरी मात्र नसते. विचारले तर तो म्हणतो, "जरा सवड मिळू द्या. ही पुस्तके एकदा वाचून होऊ द्या, मग बसतोच."

हा माणूस मला ओळखीचा आहे, कारण तो मीच आहे. २००६ साली आमच्या सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली. त्या वेळच्या ग्रंथप्रदर्शनातून मी दोन पिशव्या भरून पुस्तके घरी आणली. परवा दिवाळीच्या झाडलोटीत फळी रिकामी केली, तेव्हा त्यांतल्या अकरा पुस्तकांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली निघाली. शेजारीच माझी टिपणवही होती. तिच्यात चौतीस विषय लिहिलेले आहेत. त्यांतला एकही विषय चार पानांपलीकडे गेलेला नाही.

असे का होते, आणि यातून बाहेर कसे पडावे, एवढाच आजचा प्रश्न.

आधी पुस्तकांचे पाहू. पुस्तक विकत घेतले म्हणजे ते थोडेफार आपल्या डोक्यात आलेच, असे मनाला वाटते. तो एक गोड भ्रम आहे. त्याहून मोठा भ्रम असा, की लिहिण्यापूर्वी पुष्कळ वाचलेच पाहिजे. वाचले पाहिजे हे खरे. पण पुष्कळ म्हणजे किती, याला अंत नाही. तेव्हा 'अजून वाचायचे आहे' ही सबब जन्मभर पुरते.

लिहू पाहणाऱ्याने पुस्तके थोडी वाचली तरी चालेल, पण निराळ्या रीतीने वाचावीत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. १९५५ साली निघालेले हे लहानसेच पुस्तक आहे. सोलापूर जिल्ह्याच्या सांगोल्याला लागून असलेल्या माणदेशातले ते कथानक. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. तिथल्या माणसांत मिसळतो, गाव एकत्र येऊन तालीम बांधते, आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडी उठते. एवढीच गोष्ट. शिक्षकांनी तर ती वाचलेली असतेच. आता ती दुसऱ्यांदा वाचा, आणि हातात पेन्सिल घेऊन वाचा. मास्तर वाडीत पोहोचायला किती पाने लागतात? वाडीतली पहिली ओळख कोणाची होते? तालमीचा विषय कुठे निघतो, आणि तिच्यासाठी लेखकाने किती जागा दिली आहे? दुष्काळाची पहिली चाहूल कुठे लागते? मग पुस्तक मिटून सगळी गोष्ट पाच वाक्यांत सांगून पाहा. सुताराचा मुलगा जुनी खुर्ची खोलून पाहतो आणि सांधा कसा बसवला आहे ते शिकतो, तसे हे वाचन आहे. असे एक पुस्तक वाचलेत, तर फळीवरच्या दहा न वाचलेल्या पुस्तकांची खंत करण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे माडगूळकर पुढे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचेच काम करीत होते. म्हणजे तुमच्यासारख्या श्रोत्यांशी बोलणे हाच त्यांचा रोजचा व्यवसाय होता.

आता वहीकडे वळू. वहीत आपण जे लिहितो ते बहुधा विषय असतात, गोष्टी नसतात. या दोहोंतला फरक एकदा ध्यानात आला की बरेच काम होते. उदाहरणार्थ, माझ्या वहीत एका पानावर लिहिले आहे, 'उजनी धरण आणि बुडालेली गावे'. विषय मोठा आहे यात शंका नाही. भीमेवर उजनीचे धरण झाले, पाणी अडले, आणि करमाळा-इंदापूरकडची कितीतरी गावे पोटात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. त्याच पाण्यावर आमच्या जिल्ह्यात ऊस उभा राहिला. एकाचे गाव गेले आणि दुसऱ्याच्या शेतात पाणी आले. पण हे सगळे वर्तमानपत्रातल्या लेखात सांगता येईल. त्याची कादंबरी अजून झालेली नाही.

गोष्ट कधी सुरू होते? एक बाई आहे असे समजा. तिच्या घरात सासूच्या वेळचे दगडी जाते आहे, जमिनीत पुरलेले. सामान भरायला गाडी आली आहे, आणि गाडीत जागा एकाच वस्तूला उरली आहे. जाते न्यायचे, की नवऱ्याने म्हटल्याप्रमाणे दाराची चौकट काढून न्यायची? चौकटीचे पैसे येतील, जात्याचे येणार नाहीत. आता आपल्याला पुढे काय होते ते हवेसे वाटते. म्हणजे माणूस पाहिजे, त्या माणसाला काहीतरी हवे असले पाहिजे, आणि ते मिळण्यात अडचण पाहिजे. वहीतल्या प्रत्येक विषयाला हे तीन प्रश्न विचारून पाहा. कोण? त्याला काय हवे आहे? आडवे काय येते? माझ्या चौतीस विषयांपैकी सव्वीस या परीक्षेत नापास झाले. वाईट वाटले, पण ओझेही उतरले.

परंतु एवढ्यानेही कादंबरी होत नाही. ती पुरी कशाने होते, हे पाहण्यासाठी आपल्याच वाङ्मयातली दोन-तीन माणसे आठवू.

हरि नारायण आपटे यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. १८६४ साली खानदेशात पारोळ्याला जन्म, पुढचे आयुष्य पुण्यात. कॉलेजची पदवी त्यांच्या हाती लागली नाही. १८९० साली त्यांनी 'करमणूक' नावाचे साप्ताहिक काढले आणि ते १९१७ पर्यंत चालले. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही यमूची हकिकत प्रथम याच साप्ताहिकात क्रमाक्रमाने आली. पुढचे प्रकरण लिहून झालेले नाही, छापखाना थांबला आहे आणि वाचक वाट पाहतो आहे, अशी ही लेखनाची रीत. सुचेल तेव्हा लिहीन म्हणायची सोय तिच्यात नव्हती. त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. 'गणपतराव' राहिली, 'सूर्यग्रहण' राहिली. तेव्हा अपुरे राहणे हा काही केवळ आळशाचा दोष नव्हे. पण ज्या पुऱ्या झाल्या, त्यांच्यामागे वाट पाहणारा वाचक आणि ठरलेला वार होता, हे विसरू नका.

दुसरे साने गुरुजी. तेही शिक्षक, अमळनेरच्या शाळेतले. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली, ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू करून १३ फेब्रुवारीला संपवली. पाच दिवसांत! ऐकून आपण थक्क होतो. पण पुस्तकाची मांडणी पाहा. श्याम आपल्या आश्रमातल्या सोबत्यांना रात्री एकेक आठवण सांगतो आहे. म्हणजे समोर ऐकणारी माणसे आहेत. पाच दिवस हे लेखणीचे झाले. त्या आठवणी मनात बाळगल्याला आयुष्य लोटले होते.

तिसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले. त्र्यं. वि. सरदेशमुख यांचा जन्म १९१९ साली अक्कलकोटचा. तेही अध्यापक होते. संस्थानी गावाच्या जीवनावरची त्यांची 'डांगोरा एका नगरीचा' ही कादंबरी १९९८ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे लेखक ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना. २००३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांना 'आता आपले वय झाले' असे वाटते, त्यांनी हे साल ध्यानात ठेवावे. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. मात्र त्यांनी तो सगळा काळ वही मिटून ठेवली नव्हती. कविता, समीक्षा, कादंबरी असे त्यांचे लेखन चालूच होते.

परदेशातलेही एक उदाहरण देतो, कारण ते नोकरदाराचे आहे. अँथनी ट्रोलॉप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. मग कचेरीत जाई. आपल्याला एवढे नको. आठवड्यातून तीन दिवस एकेक पान लिहिले, तर वर्षाला दीडशे पाने होतात. 'बनगरवाडी' काही याहून फार मोठी नाही.

येथवर मी मास्तरकीच्या सुरात बोललो. आता एक गोष्ट स्वतःची सांगतो, कारण तीच सांगण्यासाठी मी हा विषय घेतला.

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात सोळा-सतरा वर्षांची होती. तुमच्यापैकी थोरांना तो दुष्काळ आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्त्याला खडी फोडायची, मुकादमाने हजेरी घ्यायची, दुपारी सुकडी वाटली जायची. आई सांगोल्याकडे अशा एका कामावर होती. एकदा भाकरी थापताना तिने मला एका पाणी वाटणाऱ्या बाईची हकिकत सांगितली. कामावरचे पाणी कोणाला किती द्यायचे यावरून काहीतरी घडले होते, आणि त्या बाईने काहीतरी केले होते. मी उठून वहीत लिहिले, 'आई. खडी. सुकडी. पाणी वाटणारी बाई.' २००९ सालचे ते पान आहे. म्हटले, सवडीने सगळे नीट विचारून घेऊ.

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. ते पान माझ्यापुढे आहे. त्या बाईचे नाव काय, ती कुठल्या गावची, तिने नेमके काय केले, यांतले काही मला आठवत नाही. माझ्यापाशी पाच-सहा शब्द आहेत आणि गोष्ट गेली आहे. शेतकरी बंधूंना हे निराळे सांगायला नको. पेवातली ज्वारी खायला वर्षानुवर्षे टिकते, पण तीच बियाणे म्हणून पेरली तर उगवत नाही. वहीतले टिपण असेच आहे. दिसायला तेच, पण उगवण्याची ताकद गेलेली.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. फळीवरचे एकच पुस्तक निवडा आणि ते पेन्सिल घेऊन वाचा. बाकीची गावच्या वाचनालयाला दिलीत तरी हरकत नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्यामुळे लहान गावांतही वाचनालये उभी राहिली. तिथे ती पुस्तके निदान कोणीतरी उघडील. वहीतला एकच विषय निवडा. जिवंत माणसाच्या आठवणीवर जो उभा आहे तो आधी घ्या, कारण त्याला मुदत आहे. मग ऐकणारा माणूस ठरवा आणि वार ठरवा.

शिक्षकांना तर हे फारच सोपे आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटण्यापूर्वीचा अर्धा तास हीच तुमची 'करमणूक'. मुलांना सांगा, "दर शनिवारी या गोष्टीचा पुढचा भाग सांगेन." एक शनिवार चुकवून पाहा. पोरे तुम्हाला रस्त्यात गाठतील, "गुरुजी, त्या बाईचं पुढं काय झालं?" त्या प्रश्नापुढे सबब चालत नाही. रात्री घरी बसून लिहावेच लागते. आणि ज्या जागी मुले चुळबुळ करतात, ती जागा कच्ची आहे हेही आपोआप कळते. त्यासाठी कोणा टीकाकाराकडे जायला नको. जे शिक्षक नाहीत त्यांनी घरातली सून, नातू, पारावरचा मित्र, कोणीही एक धरावा.

माझे काय, असे तुम्ही विचाराल. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, त्याच कामावर आईबरोबर जात असे. ती तेव्हा लहान होती, खडीच्या ढिगाजवळ भावंडे सांभाळायची. इतकी वर्षे मला तिला विचारायचे सुचले नाही. हे भाषण लिहायला घेतले आणि तिला फोन केला. म्हटले, "मावशी, ती पाणी वाटणारी बाई तुला आठवते का?"

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "कोण, शेवंता व्हय? आता आठवली तुला ती? फोनवर न्हाई सांगायची. घरी ये."

येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी जाणार आहे. तुमच्याही वहीत असे एखादे पान असेल, तर तुम्हीही जाऊन या.